तीन टाक्यांचं ऑपरेशन

डिस्चार्जच्या दिवशी आमच्या वॉर्डात रुग्णाच्या हातात एक छापील कागद देतात. जेवण कसं होतं, संडास-बाथरूम स्वच्छ होते का, कर्मचारी कसे वागले, आणि सगळ्यात खाली : उपचारांबद्दल आपण अत्यंत समाधानी, समाधानी की असमाधानी? त्या वेळी नवरा किंवा भाऊ जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्रासमोर कागद घेऊन उभा असतो, खाली रिक्षा थांबवलेली असते, आणि रुग्ण चार दिवसांनी घरचे कपडे घालून पलंगाच्या कडेला बसलेला असतो. तो पहिल्या चौकटीत खूण करतो. जवळजवळ सगळेच करतात. वर्षानुवर्षं ते कागद मी गोळा केले, गठ्ठा बांधून ऑफिसात पाठवले आणि खरे मानले. खोटं त्यात काही नव्हतं. पण विचारण्याची वेळ चुकत होती.

ही चूक मला दाखवली ती अ‍ॅड्रिनल ग्रंथीची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांनी.

मी मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात परिचारिका आहे. नोकरीला लागले १९९४ मध्ये. आधी ऑर्थोपेडिक, मग बरीच वर्षं सर्जिकल आयसीयू, आणि गेली बारा वर्षं सर्जरीच्या ज्या वॉर्डात आहे तिथे थायरॉईड, पॅराथायरॉईड आणि अ‍ॅड्रिनलचे रुग्ण येतात. थायरॉईड सगळ्यांना माहीत असतो. अ‍ॅड्रिनल म्हटलं की नातेवाईक विचारतात, "म्हणजे किडनीच ना?" किडनी नव्हे. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या या दोन ग्रंथी. पुस्तकात त्यांना अधिवृक्क म्हणतात. एकेकीचं वजन चार-पाच ग्रॅम, म्हणजे दोन्ही मिळून तोळ्याच्या आतबाहेर. रंगही सोन्यासारखा पिवळा. शरीरातलं मीठ, रक्तदाब, साखर, संकटात अंगात येणारं बळ, या सगळ्यात त्या तोळाभर ऐवजाचा हात असतो. तिथे गाठ झाली आणि ती एखादं संप्रेरक गरजेपेक्षा जास्त ओतायला लागली की माणूस आतून बिघडत जातो, आणि कशानं बिघडतोय हे कित्येकदा वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानात येत नाही.

कॉर्टिसॉल वाढलं तर कुशिंगचा आजार. चेहरा सुजल्यासारखा गोल होतो, हातपाय काटक्या, पोटावर जांभळे पट्टे, बाईच्या हनुवटीवर केस, पाळी बंद, हाडं ठिसूळ. अल्डोस्टेरॉन वाढलं तर कॉनचा आजार. बीपी चार-चार गोळ्यांना जुमानत नाही, रक्तातलं पोटॅशियम उतरतं, उकिडव्या बसलेल्या माणसाला उठता येत नाही. आणि अ‍ॅड्रिनॅलिनच्या जातीची संप्रेरकं वाढली तर फिओक्रोमोसायटोमा. वॉर्डात आम्ही नुसतं ‘फिओ’ म्हणतो. अचानक छातीत धडधड, दरदरून घाम, डोकं फुटेल असं दुखणं, आणि थोड्या वेळानं जणू काही झालंच नव्हतं.

आयसीयूत मी नवीन होते तेव्हा ही ग्रंथी काढायला बरगडीखालून मोठी चीर घेत. कधी बाराव्या बरगडीचा तुकडाही काढावा लागे. तोळाभर वस्तूसाठी वीतभराहून मोठी जखम. कुशिंगच्या रुग्णाची तर ती भरायचीही नाही, कारण त्या आजारात कातडी कागदासारखी पातळ झालेली असते. खोकल्याची उबळ आली की रुग्ण उशी पोटाशी घट्ट धरायचा, आणि आम्ही दोघी-दोघी त्याला आधार द्यायचो. १९९२ मध्ये कॅनडातल्या मिशेल गान्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही ग्रंथी दुर्बिणीतून काढल्याचं प्रसिद्ध केलं. पुढे जर्मनीत एसेनच्या मार्टिन वाल्त्स यांनी रुग्णाला पालथं झोपवून, पोटात न शिरता, पाठीकडून ती काढण्याची पद्धत रूढ केली. आमच्याकडे हे रुळायला काही वर्षं गेली. आता तीन किंवा चार छोटी भोकं. दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्ण व्हरांड्यात चालतो, चहा-बिस्किट मागतो. मी दोन्ही काळ पाहिलेत, त्यामुळे या शस्त्रक्रियेबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पुढे जे लिहिते आहे त्याचा अर्थ कुणी उलटा लावू नये.

वॉर्डात मी रुग्णांना फोन करण्यासाठी एक वही ठेवते. तिची सुरुवात एका दगावता-दगावता वाचलेल्या बाईपासून झाली.

ती जालन्याकडची, वय बत्तीस. उजव्या बाजूच्या गाठीमुळे कुशिंग. शस्त्रक्रिया उत्तम झाली. उजवी बाजू अवघड. त्या ग्रंथीची शीर आखूड असते आणि थेट शरीरातल्या सगळ्यात मोठ्या अशुद्ध रक्ताच्या वाहिनीत उघडते. तिथे हात चुकला तर सावरायला वेळ मिळत नाही. आमच्या सरांनी ती शीर शांतपणे बांधली, रक्त गेलं ते नावापुरतं. चौथ्या दिवशी ती घरी गेली. कागदावर ‘अत्यंत समाधानी’.

डिस्चार्ज कार्डावर हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या होत्या. सकाळी दहा मिलिग्रॅम, दुपारी पाच, संध्याकाळी पाच. त्यापुढे इंग्रजीत लिहिलं होतं, थांबवू नये. का थांबवू नये, ते लिहिलेलं नव्हतं. कारण असं असतं : एक ग्रंथी वर्षानुवर्षं बेसुमार कॉर्टिसॉल ओतत असते, म्हणून मेंदूकडून येणारी हाक बंद होते आणि दुसरी, निरोगी ग्रंथी निपचित पडते. गाठ काढली त्या क्षणापासून शरीरात स्वतःचं कॉर्टिसॉल जवळजवळ नसतंच. दुसरी जागी व्हायला काही महिने लागतात, कधी वर्ष-दीड वर्ष. तोवर त्या गोळ्या म्हणजेच ती ग्रंथी.

तिसऱ्या आठवड्यात गोळ्या संपल्या. गावातल्या मेडिकलमध्ये नव्हत्या, तालुक्यालाही मिळाल्या नाहीत. दुकानदारानं कार्ड बघून सांगितलं, "ही तर स्टेरॉईडं आहेत. वाईट असतात. टाके सुटले ना? मग कशाला खाताय?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. स्टेरॉईड हा शब्दच आपल्याकडे बदनाम आहे. तिनं बंद केल्या. पाचव्या दिवशी उलट्या, जुलाब, ताप, आणि मग डोळे उघडेनात. गावच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, बीपी लागत नव्हतं. नवऱ्यानं कार्डाच्या मागचा वॉर्डाचा नंबर लावला. रात्रपाळीला मीच होते. रेसिडेंट डॉक्टरनं फोन माझ्या हातातून जवळजवळ ओढून घेतला आणि तिकडच्या डॉक्टरांना म्हणाला, "हायड्रोकॉर्टिसोन शंभर, शिरेतून, आत्ता." ज्या औषधाच्या गोळ्या अख्ख्या तालुक्यात मिळत नव्हत्या त्याचं इंजेक्शन त्या छोट्या दवाखान्यात दम्याच्या रुग्णांसाठी फडताळात ठेवलेलं होतं. तासाभरात बीपी वर आलं.

ती वाचली. मला मात्र त्या रात्री नंतर बसवेना. ते डिस्चार्ज कार्ड मीच तिच्या हातात दिलं होतं. "गोळ्या वेळेवर घ्या हं," एवढंच म्हणाले होते, जसं प्रत्येकाला म्हणते. सांगितलं नाही असं नव्हतं. पण जे सांगितलं त्याला सांगणं म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी शंभर पानी वही आणली. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक अ‍ॅड्रिनलच्या रुग्णाचा फोन नंबर, शेजाऱ्याचाही. दहाव्या दिवशी, सहाव्या आठवड्यात, सहा महिन्यांनी आणि वर्षानं फोन. ड्यूटी संपल्यावर, वॉर्डाच्याच फोनवरून. आता त्या वहीचा चौथा भाग चालू आहे.

वहीनं मला पहिली गोष्ट शिकवली ती टाक्यांची.

माण तालुक्यातली कुशिंगची एक ताई होती. काढलेली गाठ थिएटरच्या दारात नातेवाइकांना दाखवायची आपल्याकडे रीत आहे. हाउसमन ट्रे घेऊन बाहेर आला. लिंबाएवढी गाठ, कापलेल्या बाजूनं पिवळीधमक. सासरे वाकून बघत राहिले, मग सरळ होत म्हणाले, "एवढीच व्हय?" त्यात सुटकाही होती आणि थोडा अविश्वासही. चार वर्षं ज्या दुखण्यानं घर हैराण झालं, त्याचं कारण हे एवढंसं.

दहाव्या दिवशी मी फोन केला तेव्हा ती दबक्या आवाजात बोलत होती. "सिस्टर, घरात म्हणत्यात, तीन टाकं तर हायती. जावंचं शिजर झालं तवा केवढं पोट फाडलं हुतं, ती सव्वा महिन्यात कामाला लागली." ती टँकरचं पाणी भरत होती. भरल्या हंड्यासह. तिच्या पाठीचा एक मणका आजारानं आधीच दबलेला होता, हे तिच्या रिपोर्टात होतं, घरात कुणाला माहीत नव्हतं.

यात दुष्ट कुणी नव्हतं. आपल्याकडे दुखणं मोजतात ते जखमेवरून. मोठी चीर असली की घरातली माणसं आपोआप सबुरीनं घेतात, बाईला महिनाभर जड उचलू देत नाहीत, खिमट-पेज करून घालतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनं ती चीर काढून टाकली, आणि तिच्यासोबत बाईच्या विश्रांतीचा पुरावाही गेला. शस्त्रक्रिया जितकी सुबक तितकी घरची सवलत कमी. हे कुठल्याही छापील कागदावर येत नाही. मी तिच्या नवऱ्याला फोनवर घेतलं, मणक्याचं सांगितलं. तो गप्प झाला. म्हणाला, "आम्हाला कुणी बोललंच नाय."

तेव्हापासून ट्रे बाहेर जातो तेव्हा जमेल तितक्या वेळा मी सोबत जाते. गाठ दाखवून झाली की हाडांचा रिपोर्ट दाखवते आणि सांगते, "काका, बाहेरचे टाके आठ-दहा दिवसांत सुटतील. पण हिनं हाडं पोखरलीत, दंडा-मांड्यांचं मांस खाल्लंय. ते भरायला वर्ष लागेल. हंडा, पोतं, लेकरू, काही उचलायला द्यायचं नाही." सासूबाई सोबत असतील तर त्यांच्याकडे बघून सांगते, कारण घरातली कामं त्या वाटतात.

एका रेसिडेंट डॉक्टरनं मध्यंतरी प्रबंधासाठी याच रुग्णांच्या जीवनमानाचा अभ्यास घेतला. त्याच्याकडे जगभर वापरतात ती एसएफ-३६ नावाची छत्तीस प्रश्नांची यादी होती, इंग्रजीत, आणि रुग्णांना मराठीत विचारायला त्यानं मला बसवलं. मध्यम श्रमाची कामं जमतात का, यापुढे उदाहरणं होती : टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, बोलिंग, गोल्फ. मी पहिल्याच आजीसमोर थांबले. त्याला म्हटलं, "डॉक्टर, तुमचे गुण तुम्ही नियमाप्रमाणे मोजा, पण मला माझ्या वहीत वेगळा रकाना करू द्या." त्या रकान्यात मी माझे प्रश्न लिहिले. देशी संडासात बसून उठता येतं का? भाकरी थापताना हात दुखतो का? जिना चढताना कठडा धरता का? पाळी आली का? आरशात बघता का? गोळ्या किती उरल्यात? त्या पोरानं ते सगळे प्रश्न नीट वाचले आणि शेवटच्या प्रश्नाखाली रेघ मारली.

फिओच्या रुग्णांशी माझं बोलणं शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधीच सुरू होतं. त्यांना एकदम थिएटरात नेता येत नाही. गाठीला हात लागला तरी बीपी आकाशाला भिडू शकतं, आणि शीर बांधली की तेच बीपी कोसळतं. म्हणून आधी दहा-चौदा दिवस प्राझोसिनसारखी औषधं देऊन आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायच्या, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत पाणी आणि मीठ भरायचं. म्हणजे ज्या माणसाला पाच वर्षं सगळ्यांनी "मीठ बंद" सांगितलं त्याला आम्ही लोणचं-पापड खायला सांगतो. नातेवाईक ऐकत नाहीत. एका काकूंनी नवऱ्याच्या ताटातला पापड माझ्यादेखत काढून घेतला होता. त्यांना शेजारी बसवून सगळं समजावलं तेव्हा दुसऱ्या दिवशी घरून कैरीचं लोणचं घेऊन आल्या. वर प्राझोसिननं नाक चोंदतं, उभं राहिलं की गरगरतं. हे आधी सांगितलं तर रुग्ण म्हणतो, औषध लागू पडतंय. नाही सांगितलं तर म्हणतो, इथे येऊन आजार वाढला.

रत्नागिरीकडची एक मुलगी होती, सव्वीस वर्षांची. झटके यायचे. घाम, थरथर, पांढरीफटक व्हायची. आधी म्हणाले लग्न नको म्हणून करते. मग मनाच्या डॉक्टरांकडे नेलं, मग देवस्कीला. सहा वर्षांनी एका झटक्यात कुणीतरी बीपी मोजलं, ते अडीचशेच्या घरात होतं. चोवीस तासांची लघवी गोळा करून तपासली, त्यात मेटानेफ्रिन वाढलेलं निघालं, स्कॅनमध्ये गाठ दिसली. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी फोनवर मी विचारलं, आता कसं वाटतं? ती म्हणाली, "झटके गेले ते गेलेच. पण आई रडली माझ्यासमोर. म्हणाली, तू खरं बोलत होतीस." हा आजार बऱ्याचदा घराण्यातून आलेला असतो, म्हणून तिच्या भावंडांनाही बोलावून घेतलं होतं. तिनं स्वतः त्यांना आणलं, प्रत्येकाची फाइल करून.

कॉनच्या दोन रुग्णांची गोष्ट मी नवीन येणाऱ्या प्रत्येक हाउसमनला सांगते. एक एसटीचे चालक, दुसरे सांगलीकडचे शेतकरी. वय सारखं, पन्नाशीच्या आतबाहेर. दोघांना बीपीच्या पाच-पाच गोळ्या. दोघांची डावी ग्रंथी काढली. वर्षानंतर दोघांचं पोटॅशियम नॉर्मल, दोघांच्या गोळ्या पाचावरून दोनवर. शेतकरी काका म्हणाले, "लई झाक झालं. बांधावर उकिडवा बसतो आन् हात न टेकता उठतो." चालक दादा मात्र नाराज होते. "गोळ्या काही सुटल्या नाहीत. मग फायदा काय?" मी जुनी पानं चाळली. शेतकऱ्यांना हार्मोनच्या ओपीडीतल्या डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं, तिघांतल्या एखाद्याच्याच गोळ्या पूर्ण सुटतात, बाकीच्यांच्या कमी होतात. चालकांना कुणा घाईतल्या ज्युनिअरनं धीर द्यायला म्हणून सांगितलं होतं, "गाठ काढली की गोळ्या बंद." २०१७ मध्ये बारा केंद्रांतल्या ७०५ रुग्णांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात संप्रेरकाचा दोष ९४ टक्के रुग्णांचा पूर्ण गेला, पण गोळ्यांशिवाय बीपी नॉर्मल राहिलं ते ३७ टक्क्यांचं. आणखी ४७ टक्क्यांना थोडाफार फायदा झाला. म्हणजे चालक दादांची शस्त्रक्रिया मुळीच फसलेली नव्हती. त्यांना दिलेला शब्द चुकीचा होता. धीर देण्यासाठी खोटी आशा देऊ नये, असं मी त्या पोरांना सांगते, आणि त्यांना ते पटतं. कारण आकडे त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळतात.

छोट्या गोष्टींचंही असंच. दुर्बिणीच्या वेळी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यानं छाती आणि पोटामधला पडदा ताणला जातो आणि एक-दोन दिवस खांदा ठणकतो. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर खांदा दुखायला लागला की माणूस हार्ट अटॅकच समजतो. आदल्या रात्री एका वाक्यात सांगून ठेवलं की भीती उरत नाही. सकाळी तोच सांगतो, "सिस्टर, तुमचा गॅस आला बघा खांद्यात."

पण ज्या रुग्णानं मला सगळ्यात जास्त शिकवलं ती नगरकडची एक शिक्षिका, जिल्हा परिषदेच्या शाळेतली. तिला कुशिंग आहे हे कळायला पाच वर्षं गेली. त्या पाच वर्षांत तिनं भात सोडला, रात्रीचं जेवण सोडलं, पहाटे धावायला जायची आणि तरी चेहरा फुगतच गेला. वर्गातली पोरं पाठीमागे नावं ठेवायची. कातडीच्या डॉक्टरांनी मुरमांना मलम दिलं, बायकांच्या डॉक्टरांनी पाळीच्या गोळ्या दिल्या, शुगरच्या डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. प्रत्येकानं आपापला तुकडा पाहिला. शेवटी एका तरुण डॉक्टरनं पोटावरचे जांभळे, बोटभर रुंद पट्टे बघितले आणि रात्री अकराला एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोनची गोळी देऊन सकाळी आठला रक्त घेतलं. जे कॉर्टिसॉल त्या गोळीनं दबायला हवं होतं, ते जागचं हललंसुद्धा नव्हतं.

तिची शस्त्रक्रिया सुरेख झाली. जालन्याच्या प्रसंगानंतर मी शहाणी झाले होते, त्यामुळे गोळ्यांबद्दल तिला तीन-तीनदा सांगितलं, तिच्याकडून वदवून घेतलं. ती खुशीत घरी गेली.

सहाव्या आठवड्यात फोन केला तर तिनं मला फैलावर घेतलं. "ऑपरेशनआधी मी बरी होते. निदान शाळेत जात होते. आता अंथरुणातून उठवत नाही. सांधे धरलेत, तळहाताची कातडी सोलून निघतेय, झोप नाही, उगीच रडू येतं. घरचे म्हणतात ऑपरेशन फसलं. खरं सांगा, फसलंय का?"

फसलं नव्हतं. शरीराला इतकी वर्षं कॉर्टिसॉलच्या पुराची सवय झालेली असते. तो पूर ओसरून गरजेपुरतं पाणी उरलं की शरीर तहानेनं कासावीस होतं. गोळ्या पुरेशा असल्या तरी होतं. बहुतेकांना थोडंफार होतं, काहींना फार होतं, आणि जातं. हे मला माहीत होतं. आमच्या सगळ्यांना माहीत होतं.

"मग आधी का नाही सांगितलंत?" तिनं विचारलं.

मी काहीतरी उत्तर दिलं. फोन ठेवल्यावर खरं उत्तर शोधलं. आम्हाला भीती वाटायची की हे सांगितलं तर रुग्ण घाबरून शस्त्रक्रियेलाच नाही म्हणेल. म्हणून आम्ही पहिल्या चार दिवसांचं सांगायचो आणि पुढच्या चार महिन्यांचं गिळून टाकायचो. ते चार महिने ती एकटी काढत होती, घरच्यांच्या टोमण्यांत, आपलंच काहीतरी चुकलं असं समजून.

त्या दिवसापासून कुशिंगच्या प्रत्येक रुग्णाला, नवऱ्याला किंवा आईला शेजारी बसवून, आदल्या संध्याकाळी मी सांगते : "पहिले काही महिने तुम्हाला आधीपेक्षा वाईट वाटेल. अंग दुखेल, रडू येईल. त्याचा अर्थ गाठ पूर्ण निघाली असा आहे. मला फोन करायचा, पण घाबरायचं नाही." आजवर हे ऐकून एकही रुग्ण उठून घरी गेलेला नाही. उलट सहाव्या आठवड्यात फोन केला की तेच म्हणतात, "तुम्ही बोलला होतात तसंच चाललंय." आवाजात दुखणं असतं, पण राग नसतो.

ती शिक्षिका चौदा महिन्यांनी ओपीडीत आली. मी तिला ओळखलं नाही. सडपातळ बाई, हनुवटी दिसत होती, गालांची हाडं दिसत होती. तिनं पर्समधून आधार कार्ड काढून माझ्या टेबलावर ठेवलं. त्यावर तो जुना, गोल, तेलकट, डोळे बारीक झालेला चेहरा होता. "बँकेत म्हणाले, हे तुमचं कार्ड नाही. नवीन फोटो काढून आणा," ती म्हणाली आणि कार्डावरच्या फोटोवरून तिनं अंगठा फिरवला. हळूच, एखाद्या आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा. इन्सुलिन सुटलं होतं, पाळी सुरू झाली होती, दुसरी ग्रंथी जागी झाल्याचा रिपोर्ट त्याच सकाळी आला होता.

मग तिनं विचारलं, "तेव्हा त्या तुमच्या छापील कागदावर मी काय लिहिलं होतं?"

"अत्यंत समाधानी."

"तेव्हा मला काय कळत होतं? तो कागद आता द्या. आता लिहिते."

तो कागद डिस्चार्जच्या दिवशी न देता वर्षानं द्यावा, निदान दोनदा द्यावा, असा अर्ज मी ऑफिसात दिला आहे. अजून निर्णय झालेला नाही. माझी वही चालू आहे.

एक गोष्ट मात्र आमच्या वॉर्डात पक्की झाली. कुशिंगच्या प्रत्येक रुग्णाला घरी जाताना पिवळ्या जाड कागदाचं कार्ड मिळतं, पाकिटात मावेल एवढं, मराठीत छापलेलं. माझी अ‍ॅड्रिनल ग्रंथी काढली आहे. माझ्या शरीरात सध्या स्टेरॉईड पुरेसं तयार होत नाही. माझी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नये. ताप आल्यास गोळी दुप्पट. उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन ताबडतोब. खाली वॉर्डाचा नंबर. जालन्याच्या त्या ताईला पहिलं कार्ड मी पोस्टानं पाठवलं होतं. तिनं ते प्लास्टिकमध्ये घालून देव्हाऱ्याशेजारी टांगलं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात, शेजारी, नात्यात अशी शस्त्रक्रिया झालेली असेल, तर माझी एक विनंती आहे. टाके किती पडले ते विचारू नका. गोळ्या किती उरल्यात ते विचारा. पंधरा दिवसांपेक्षा कमी उरल्या असतील तर आजच शहरातून मागवून घ्या.